रिकामा फ्लॅश

नंदाबाईंनी खिडकीजवळचा पट्टा सैल सोडला आणि खिडकीबाहेरचं शटर, ते रोलाडेन, खडखडत पार खालपर्यंत आलं. भर दुपारी खोलीत अमावास्या झाली. दाराखालून उजेडाची एक रेघ आत येत होती, तिथे त्यांनी टॉवेल कोंबला. मग पलंगावर मांडी घालून बसल्या, दुलई डोक्यावरून ओढून घेतली आणि पोटाशी धरलेला कॅमेरा चाचपायला लागल्या.

"अहो, उजेड येतोय का कुठून?"

"मला माझाच हात दिसत नाही," विठ्ठलराव अंधारातून म्हणाले. "हे काहून मांडलं आहे ते तरी सांगशील? दुपारचं रोलाडेन खाली बघून ती खालची म्हातारी म्हणेल, वरचे दोघं गेले वाटतं."

"गप बसा हो. रोलला उजेड लागला तर सगळं जळून जाईल. आणि सुलेखा यायच्या आत मला बघायचंय."

सुलेखा म्हणजे सून. ती उत्कर्षाला किंडरगार्टनमधून आणायला गेली होती. मुलगा सुगत संशोधन संस्थेत, त्याच्या कामावर. डार्मश्टाटमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारी दोघं म्हातारीच असायची, आणि त्या दुपारी त्यांच्या हातून काही भलंबुरं व्हायचं असेल तर ते होऊन जायचं. एकदा वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावून विठ्ठलरावांचा स्वेटर उत्कर्षाच्या मापाचा झाला होता. पण आजची गोष्ट वेगळी होती. आज नंदाबाई चोरी करत होत्या, आणि तीही पोटच्या पोराच्या कपाटातून.

कॅमेऱ्याच्या पोटाला एक झाकण होतं. नखानं सरकवलं तसं ते टक्कन उघडलं. आतून गोल, गार, जड असं काहीतरी मांडीवर पडलं. आणखी एक पडलं. नंदाबाईंनी बोट आत घातलं. फिरकी नाही. दाते नाहीत. फिल्मची गुळगुळीत पट्टी नाही. शेजारच्या खाचेत पातळ, कडक असं काही लागलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. ते कॅमेऱ्याचंच हाड असावं म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग पाठीमागून, वरून, बाजूनं, सगळीकडून दाबून पाहिलं. दुसरं झाकणच नव्हतं.

"अहो," दुलईच्या आतून आवाज आला, "यात नुसते सेल आहेत."

"आणि रोल?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही म्हटलं ना! नुसते सेल आहेत हो, टॉर्चसारखे!"

विठ्ठलरावांनी उठून दिवा लावला. दुलईतून बायकोचा चेहरा बाहेर आला. नंदाबाईंनी हातातले सेल त्यांच्यापुढे धरले.

त्याचं असं झालं होतं. मार्चमध्ये दोघं अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आली, तेव्हा फ्रँकफर्टच्या विमानतळावरच सुगतनं हा कॅमेरा बाहेर काढला होता. चपटा, चांदीच्या रंगाचा, तळहातात मावेल एवढा. मागे एक इवलीशी काच होती, पण सेल लवकर संपतात म्हणून सुगत ती बंदच ठेवायचा. तेव्हापासून पोरगा नुसता क्लिक क्लिक करत सुटला होता. आई ट्राममध्ये चढताना क्लिक. बाबा बेकरीसमोर क्लिक. उत्कर्षाला भरवताना, न्हाऊ घालताना, तिच्यामागे पळताना क्लिक. नंदाबाई प्रत्येक वेळी पदर नीट करायच्या, हनुवटी खाली घ्यायच्या, श्वास धरायच्या आणि शाळेच्या वार्षिक फोटोत बसल्यासारख्या ताठ व्हायच्या. जन्मभर मास्तरीण होत्या, फोटोत कसं बसायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सुगत म्हणायचा, "आई, श्वास घे गं!" आणि त्या डोळ्यांनीच त्याला गप्प करायच्या.

मनात मात्र हिशेब चालू असायचा. एका रोलला छत्तीस. फार तर एखाद-दुसरा जास्त. याचे एव्हाना शंभरावर गेले असतील आणि पोरानं एकदाही रोल बदलला नव्हता. काल सकाळी त्यांनी सहज विचारलं, "सुगत, रोल केव्हा बदलतोस रे? आम्ही गुरुवारी जाणार, त्याआधी धुवून येतील ना?"

सुगत बूट घालत होता, हातात फोन वाजत होता. "अगं, यात रोल नसतोच, आई," तो हसून म्हणाला आणि फोन कानाला लावून जिना उतरून गेला.

यात रोल नसतोच! नंदाबाई दारात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

"हे बघ, असं नसेल ते," विठ्ठलराव आता समजुतीच्या सुरात म्हणाले. ते सोफ्यावर पाय वर घेऊन बसावेत तसे पलंगावर बसले होते. वीज मंडळात उभी हयात गेली, त्यामुळे विजेचा संबंध आला की त्यांना वाचा फुटायची. "सेल आहेत ना आत? मग सेलमध्येच साठवत असतील. विजेत साठवता येतं. आता टेपमध्ये आवाज साठवतो आपण, तसं."

"सेलमध्ये फोटो?"

"काहून नाही? हा जर्मन माल आहे."

"जपानी आहे. वर लिहिलंय."

"मग तर झालंच."

एवढं बोलून विठ्ठलरावांचाच चेहरा एकदम उतरला. सेल संपले की सुगत ते काढायचा आणि सुलेखा स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत टाकायची. बरणी भरली की दुकानात ठेवलेल्या डब्यात नेऊन ओतायची, इथे सेल कचऱ्यात टाकत नाहीत म्हणून. म्हणजे आजवरचे सगळे फोटो त्या बरणीत! ते लगबगीनं स्वयंपाकघरात गेले. बरणीतले सेल त्यांनी रुमालात बांधले आणि कपड्यांखाली, बॅगेच्या तळाशी ठेवून दिले. निगेटिव्ह जपून ठेवायच्या असतात, एवढं त्यांना कळत होतं.

नंदाबाईंनी त्यांना अडवलं नाही. त्यांना जे कळायचं ते कळलं होतं, आणि त्याला वीज मंडळ लागत नव्हतं.

दिवाणखान्यातल्या फळीवर एक जाडजूड आल्बम होता. त्यांनी तो मांडीवर घेतला. गेल्या वर्षी सुलेखाची आई आली होती, तेव्हाचे फोटो. विहीणबाई बर्फात. विहीणबाई बोटीत, डोक्याला स्कार्फ. विहीणबाई आणि उत्कर्षा, दोघींच्या नाकाला आइस्क्रीम. तेव्हा सुगतकडे जुना काळा कॅमेरा होता, रोलचा. सगळे फोटो कागदावर, हातात धरता येतील असे.

म्हणजे विहिणीला रोल, आणि आईला सेल.

असं त्यांनी मनात म्हटलं मात्र, आणि आल्बम मिटून टाकला. छे छे, सुगत असा नाही. पण डोळ्यांसमोर यायचं ते आलंच.

त्यांच्या लग्नात बाराचा एकच रोल आणला होता. पैसे दिरांनी, यशवंतरावांनी भरले होते, त्यामुळे कुणाचा फोटो काढायचा हेही तेच ठरवत होते. नवरा-नवरीचे झाले, सासरच्यांचे झाले, गावच्या पाटलाचा झाला. मग नंदाबाईंचे वडील पुढे आले. राजाभाऊ. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि उरलेल्या वेळात लोकांच्या बाजा विणून द्यायचे. लग्नासाठी त्यांनी कुणाचा तरी कोट मागून आणला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, त्या त्यांनी आत दुमडल्या. "हसू का नको?" त्यांनी फोटोग्राफरला विचारलं. फोटोग्राफरनं यशवंतरावांकडे पाहिलं, यशवंतरावांनी डोळा मिचकावला, आणि फ्लॅश उडाला. लख्ख उजेड पडला. राजाभाऊ डोळे चोळत, हसत बाजूला झाले. मग माहेरच्या सगळ्यांचे एकापाठोपाठ एक फ्लॅश उडाले. केवढा आनंद झाला होता मंडळींना!

आल्बम आला तेव्हा त्यात माहेरचं कुणी नव्हतं. जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, ते रिकामे होते. एवढ्यांना कुठून रोल पुरायचा? नुसता फ्लॅश मारायचा, माणूस खूश होतो."

राजाभाऊ भेटायला यायचे तेव्हा ओसरीवर बसून पाणी प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि निघताना चप्पल पायात घालता घालता विचारायचे, "नंदे, फोटो आला का गं?"

"यायचा आहे, बा."

दर खेपेला तेच. पुढे सुगतच्या जन्माआधीच ते गेले. पुण्यानुमोदनाला बुद्धाचा फोटो होता, बाबासाहेबांचा होता, मेणबत्त्या होत्या. राजाभाऊंचा फोटो ठेवायचा तर होताच कुठे? आयुष्यात त्यांच्यावर एकदाच फ्लॅश उडाला होता. लहानपणी सुगतनं विचारलं होतं, आजोबा दिसायचे कसे? नंदाबाईंना सांगताच आलं नव्हतं. उंच नव्हते, बुटके नव्हते. बाजेची दोरी ताणताना डावा डोळा गच्च मिटायचे आणि ओठ उजवीकडे ओढायचे, एवढंच काय ते आठवत होतं, आणि त्यावरून काय कुणाचा चेहरा उभा राहतो?

"त्याला विचार ना सरळ," संध्याकाळी विठ्ठलराव हळू आवाजात म्हणाले. "पोटचा पोरगा आहे."

"विचारते. आणि हो म्हणाला तर?"

विठ्ठलरावांनी सोफ्यावर पाय वर घेतले आणि पेपरातली चित्रं बघत बसले. सोफ्यावर पाय घेऊन बसणं ही त्यांची जुनी सवय. सुलेखानं आल्या आल्याच एकदा लाडानं सुचवलं होतं, "बाबा, कापड फिकट आहे हो." त्यावर ते म्हणाले होते, "कुणी वडीलधारं आलं की घेईन खाली." आता त्यांच्यापेक्षा वडीलधारं कुणी उरलेलंच नव्हतं, त्यामुळे पाय कायमचे वर.

रविवारी सगळे माटिल्डेनह्योहला गेले. टेकडीवर सोनेरी घुमटांचं रशियन चर्च आणि शेजारी तो पाच बोटांसारखा उंच मनोरा. कुठल्याशा राजाच्या लग्नाची आठवण म्हणून बांधलेला आहे, असं सुगत सांगत होता. लग्न म्हटल्यावर नंदाबाईंनी नाक मुरडलं.

"आई, बाबा, इथे उभे राहा. उत्कर्षा मध्ये. हां, आई, इकडे बघ."

नंदाबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो इवलासा चांदीचा डबा, आणि त्याच्यामागे पोराचं हसरं तोंड. हात सवयीनं पदराकडे गेला आणि मध्येच थांबला. कशाला? रिकाम्या फ्लॅशसाठी पदर सावरायचा? आपल्या बापानं बाह्या दुमडल्या होत्या तशा?

त्यांनी पोराच्या डोळ्याला डोळा भिडवून जीभ बाहेर काढली.

"ओमा!" उत्कर्षा किंचाळली. "नोखमाल! नोखमाल!" आजीला ओमा म्हणू नको असं तिला हजारदा सांगितलं होतं, पण पोरगी ऐकेल तर शपथ. पुन्हा, पुन्हा, असं ती नाचत म्हणत होती, आणि तिनंही जीभ काढली. सुगत हसून हसून वाकला. "आई, काय हे! थांब थांब, अशीच थांब." क्लिक. क्लिक.

घे, नंदाबाई मनात म्हणाल्या. हाण किती हाणायचे ते. तुझे सेल जातील, माझं काय जातंय?

आणि मग त्यांनी दिवसभर कशाची म्हणून पर्वा केली नाही. बूट काढून गवतावर पाय पसरले. मोठ्ठी जांभई दिली, पार पडजीभ दिसेल एवढी. छत्रीच्या दांड्यानं पाठ खाजवली. दशमीचा घास दोन्ही गालांत भरून उत्कर्षाशी बोलल्या. ती जर्मनमध्ये बोलायची, या मराठीत, आणि दोघींचं झकास चाललं होतं. उत्कर्षानं त्यांच्या अंबाड्यात पिवळी फुलं खोचली, तर खोचू दिली. सुगत अवतीभवती क्लिक करत फिरत होता. राग होता, पण खोटं कशाला बोला, मजाही येत होती. कॅमेरा समोर असून श्वास धरावा लागला नाही, असं त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच होत होतं.

मध्येच कॅमेरा बंद पडला. सुगतनं सेल काढून दुसरे घातले, तसे विठ्ठलराव झटकन पुढे झाले. "ते दे इकडे." सेल रुमालात गुंडाळून खिशात गेले.

"बाबा पक्के जर्मन झालेत," सुगत सुलेखाला म्हणाला. "सेलसुद्धा इकडेतिकडे टाकू देत नाहीत."

मग पाणी प्यायचं निघालं. बाटली उत्कर्षानं वाटभर हलवत आणली होती आणि पाणी होतं गॅसचं. इथल्या लोकांना साधं पाणी का चालत नाही, देव जाणे. झाकण घट्ट. सुलेखाला उघडेना. "आण इकडे," नंदाबाई म्हणाल्या, बाटली पोटाशी धरली आणि सगळा जीव लावून झाकण पिळलं. फस्स करून पाणी तोंडावर उडालं. सुगतनं तेही टिपलं. टिप बाबा, तेवढीच हौस.

घरी आल्यावर चहा झाला. गुरुवार तोंडावर आला होता. सुगत टीव्हीच्या मागे वाकून कसलीशी वायर लावत होता.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला, "आज सगळे फोटो बघून घेऊ या. वाईट असतील ते काढून टाकतो आणि तुमच्यासाठी सीडी करतो. सुलेखा, रोलाडेन घे ना खाली, टीव्हीवर ऊन येतंय."

रोलाडेन खडखडत खाली आलं. आता हा काय दाखवणार? नसलेल्या रोलवरचे नसलेले फोटो? आता हा गोरामोरा होणार, सुनेदेखत काहीतरी थाप मारणार, आणि आपल्याला मान हलवावी लागणार. त्यांना वाटलं उठून आत जावं. पण उत्कर्षा मांडीवर येऊन बसली होती.

टीव्ही उजळला.

पडद्यावर विमानतळ होता. ट्रॉलीवर बॅगांचा डोंगर, मागे विठ्ठलराव कानटोपी घालून, आणि त्यांच्या शेजारी एक बाई. गोंधळलेली, पदर एका हातात घट्ट धरलेली. नंदाबाईंनी आधी त्या बाईला ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि त्या मांडीवरच्या उत्कर्षासकट पुढे सरकल्या.

"हा... हा कुठून आला?"

"कुठून म्हणजे? कॅमेऱ्यातून."

"पण आत रोल नाही!"

"रोल नाहीच आहे, आई. कार्ड असतं. एवढंसं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्यावर हवे तेवढे मावतात."

"ते हाड?" नंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तेवढ्यात विठ्ठलराव आत जाऊन आले होते. त्यांनी दोन रुमाल टीपॉयवर ठेवले आणि गाठी सोडल्या. सेल गडगडत सगळीकडे पसरले. "मग यात काय आहे?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. "मी म्हटलं, निगेटिव्ह असतील."

सुलेखानं ओढणी तोंडात कोंबली तरी हसू फुटलंच. सुगत तर खाली गालिच्यावर बसला. उत्कर्षाला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यात मोठ्यानं तीच हसत होती. विठ्ठलरावही शेवटी हसले. नंदाबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या टीव्हीकडे बघत होत्या. ट्राममधल्या नंदाबाई. बेकरीसमोरच्या नंदाबाई. एकामागून एक, एकामागून एक, ताठ, श्वास धरलेल्या, हनुवटी खाली घेतलेल्या. एकही फ्लॅश रिकामा गेला नव्हता. पोरानं सगळं सगळं टिपून ठेवलं होतं, आणि आपण त्याच्याविषयी काय काय मनात आणलं! त्यांनी उत्कर्षाला उगाचच जवळ ओढून घेतलं.

आणि मग पाच बोटांचा मनोरा आला.

मनोऱ्यासमोर अकोल्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका जीभ बाहेर काढून उभ्या होत्या. अख्खी जीभ. पडदाभर.

"अगं बाई!" नंदाबाई ओरडल्या. "बंद कर! बंद कर ते!"

पुढचा फोटो जांभईचा. त्यापुढचा छत्रीचा. सुनेसमोर! ही सीडी अकोल्याला जाणार, यशवंतरावांची मुलं बघणार, अख्खी गल्ली बघणार!

"सुगत, तुला माझी शपथ आहे. पूस हे. सगळं पूस."

"अगं, किती छान आलीयेस—"

"पूस म्हणते ना!"

वर्गात हा आवाज निघाला की पंखेसुद्धा गप्प व्हायचे. सुगतनं मुकाट्यानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर जर्मनमध्ये एक ओळ आली, पुसायचं का, अशी. त्यानं होकार दिला. जीभ काढलेल्या बाई नाहीशा झाल्या.

"गेला?"

"गेला."

"कुठे गेला?"

"कुठेच नाही. पुसला."

"पण निगेटिव्ह राहिली असेल ना?"

"यात काही राहत नाही, आई. पुसला की पुसला."

नंदाबाईंना ते काही बरं वाटलं नाही. माणूस असा बटणासरशी जातो? पण जांभई डोळ्यांसमोर होती. "पूस," त्या म्हणाल्या. जांभई गेली. छत्री गेली. भरलेले गाल गेले. प्रत्येक फोटोला उत्कर्षा "नाइन, नाइन!" म्हणून, नको नको करत पाय आपटत होती आणि आजी तिला दटावत होती.

मग बाटलीचा आला.

"हा तर बघायलाच नको," सुगत हसत म्हणाला. "एक डोळा बंद, तोंड वाकडं." त्यानं बटण दाबलं. खाली ती जर्मन ओळ आली. "पुसतोय हां, आई."

नंदाबाईंनी पाहिलं. डावा डोळा गच्च मिटलेला. ओठ उजवीकडे ओढलेला. मानेची शीर ताणलेली, कपाळावर आडव्या तीन आठ्या. केस मागे गेले होते, त्यामुळे कपाळ मोठं, उघडं दिसत होतं. हातात बाटली होती, बाजेची दोरी नव्हती, एवढाच काय तो फरक.

सुगतचा अंगठा खाली येत होता.

"नाइन!" नंदाबाई केवढ्यांदा तरी ओरडल्या. "नाइन! नाइन!"

सुगतनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. उत्कर्षा मांडीवरून वर बघायला लागली. आजी जर्मन बोलली होती.

"अगं, हो हो, नाही पुसत. काय झालं?"

"हा राहू दे." नंदाबाई म्हणाल्या. "हा कागदावर येतो ना? मोठा करून दे. चौकटीत बसेल एवढा."

"हा? आई, बाकीचे इतके चांगले आहेत आणि तू हा—"

"हाच."

सुगतनं सुलेखाकडे पाहिलं. सुलेखानं खांदे उडवले. दोघांना काही उमगलं नाही, आणि उमगणार तरी कसं? त्यांनी राजाभाऊंना कधी पाहिलेलंच नव्हतं.

विठ्ठलरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सोफ्यावरचे दोन्ही पाय हळूच खाली घेतले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आला म्हणायचा फोटो," ते म्हणाले.

"आला," नंदाबाई म्हणाल्या.

टीपॉयवरचा एक सेल घरंगळत जाऊन खाली पडला, तो उत्कर्षानं उचलून बरणीत टाकला. सुलेखा उठून खिडकीपाशी गेली.

"आई, रोलाडेन वर करू का?"

"थांब जरा," नंदाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "उजेड लागेल."